पुनर्विकासावरून शेजारी बोलेनासे झाले. वाद चालू ठेवून घरोबा कसा टिकवायचा?

खारेदाणे

नमस्कार मंडळी, एरवी नुसता वाचत असतो, आज विचारायचंच म्हणून लिहायला बसलोय.

डोंबिवलीत आमची जुनी सोसायटी. चार मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागतात. बिल्डरचा प्रस्ताव आलाय. मी पुनर्विकासाच्या बाजूचा, समोरच्या फ्लॅटमधले काका कट्टर विरोधात. काका वयाने बरेच मोठे, माझी मुलं त्यांच्या घरात वाढली म्हटलं तरी चालेल. दोन घरांत मिळून एकच पेपर येतो, सकाळी ते वाचणार आणि नऊच्या सुमाराला आमच्या दाराच्या कडीत अडकवून जाणार, शब्दकोडं सोडवलेलं (त्यावरून माझी बायको रोज चिडते तो भाग वेगळा).

मागच्या विशेष सभेत आमची जुंपली. ते म्हणाले, तुम्ही तरुण आहात, भाड्याच्या घरात तीन वर्षं काढाल, आम्ही काय तिकडूनच वर जायचं? मी म्हटलं, काका, तिघाचौघांसाठी बाकीची सगळी घरं अडवून धरू नका. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, जे होतं ते मुद्द्यावरच होतं. पण तेव्हापासून पेपर बंद. जिन्यात भेटले तर मोबाईल काढून बघत बसतात. काकू मात्र बोलतात, परवा अळूवडीही पाठवली, पण डबा मुलाच्या हातात, दारापाशी.

आता गणपती तोंडावर आलेत आणि सोसायटीची वर्गणी दरवर्षी आम्ही दोघं फिरून गोळा करतो.

माझं मत बदलणार नाही, त्यांनी बदलावं असा हट्टही नाही. पण ठाम विरोध करायचा आणि तरी माणूस तोडायचा नाही हे तुम्ही लोक कसं जमवता? अनुभव सांगा.

मिरचीचाठेचा

पुनर्विकासात एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) वाढतो आणि माणसं कमी होतात. वाचत राहतो.

अनघा_ठाणे

खारेदाणे, 'मुद्द्यावरच होतं' असं म्हणताय पण 'अडवून धरू नका' यात मुद्दा कुठे आहे? ते काकांच्या हेतूबद्दल आहे. 'लिफ्ट नसल्याने तुम्हालाच जास्त त्रास होतोय' हा झाला मुद्दा. आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर बोललात. पन्नास माणसांसमोर, त्यात ज्यांना त्यांनी लहानपणापासून पाहिलंय अशी पोरंपण असणार. तेच त्यांच्या घरी सोफ्यावर बसून म्हणाला असतात तर ते तुम्हाला चार शब्द सुनावून चहा टाक म्हणाले असते.

सेक्रेटरी_आहे_मी

नावावरून कळलंच असेल. आमच्या सोसायटीचं या चक्रातून जाऊन झालंय, इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, काही जण अजून एकमेकांशी बोलत नाहीत. तर अनुभवाचे बोल.

एक म्हणजे विरोध करणाऱ्याचं खरं कारण सभेत कधीच बाहेर येत नाही. सभेत तो म्हणतो कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) कमी आहे, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) कमी आहे. घरी जाऊन बसलात की कळतं की मुलगा बंगलोरला आहे, सुनेशी पटत नाही, भाड्याचं घर शोधायचं तर म्हाताऱ्या जोडप्याला कोणी घर देत नाही, आणि बिल्डरने मध्येच भाडं बंद केलं तर दाद कोणाकडे मागायची. आमच्याकडे एक आजोबा वर्षभर एफएसआयवर भांडले आणि शेवटी निघालं काय तर त्यांना तळमजल्यावरून वर जायचं नव्हतं, बस!

दुसरं, २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. यामुळे झालंय काय की बहुमतवाल्यांना वाटतं मतं मिळाली, आता उरलेल्यांशी बोलायची गरज काय. कायद्याने नाहीच. पण त्या उरलेल्यांबरोबर पुढची तीस वर्षं एकाच लिफ्टमधून जायचंय. आम्ही एक केलं, विरोधकांना सांगितलं की तुमचे आक्षेप लेखी द्या, प्रत्येकाला बिल्डरकडून लेखी उत्तर आणू, आणि दोन्ही इतिवृत्ताला जोडू. कागदावर लिहायला बसलं की माणूस निम्मे टोमणे आपोआप गाळतो. आणि आपलं म्हणणं नोंदवलं गेलं याचं समाधान फार मोठं असतं, हरला तरी.

जोशीबुवा

अहो टिळक-आगरकरांचं उदाहरण घ्या! इतके टोकाचे मतभेद पण मैत्री शेवटपर्यंत अभंग. आगरकर गेले तेव्हा मृत्युलेख लिहिताना टिळकांच्या डोळ्यात पाणी आलं. ती माणसंच वेगळी होती. आता कुठे राहिलीय ती संस्कृती.

दप्तरखाना

आलंच का टिळक-आगरकर. मी वाटच बघत होतो.

जोशीबुवा, राग मानू नका पण 'अभंग' वगैरे काही नव्हतं. दोघांनी १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले, तिथे जिवाचे मित्र. पण १८८७ ला आगरकरांनी केसरी सोडला, पुढच्या वर्षी सुधारक काढला आणि मग दोन्ही पत्रांतून जे काही चाललं ते वाचलंत तर आजची फेसबुकवरची भांडणं सोवळी वाटतील. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली होती, दारावरून. त्याला सभ्य मतभेद म्हणायचं असेल तर म्हणा.

मला या संदर्भात टिळक-गोखले जास्त आवडतात, आणि तो प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. सुरत काँग्रेस, डिसेंबर १९०७. जहाल-मवाळ जुंपलेली. टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून, हलेचनात. मांडवातून पुणेरी जोडा उडत आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या फिरल्या, लाठ्या निघाल्या. हेन्री नेविन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, त्याने लिहून ठेवलंय की लोक टिळकांच्या अंगावर धावले तेव्हा त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या गोखल्यांनी दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायचा प्रयत्न केला. म्हणजे ज्या माणसाच्या राजकारणाशी उभा दावा त्याच्यासाठी, आणि तेही आपल्याच बाजूच्या लोकांसमोर!

आणि म्हणून लगेच मतं जुळली का? अजिबात नाही. काँग्रेस फुटली ती फुटलीच. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले, टिळक सिंहगडावर होते, खाली उतरून आले आणि स्मशानात त्यांच्यावर बोलले. आयुष्यभर एकमेकांच्या विरोधात लिहिलं त्यातलं एक अक्षर कोणी मागे घेतलं नाही.

जोशीबुवा

दप्तरखाना, राग कसला. प्रेतयात्रेचं विसरलो नव्हतो, पण ती काही टिळकांनी काढली नव्हती एवढं तरी म्हणू द्या.

दप्तरखाना

मान्य. त्यांनी काढली नव्हती. वातावरण कोणी तापवलं यावर वेगळा धागा काढू, तिथे भांडू.

मिरचीचाठेचा

हे बघा, धाग्यावरच प्रात्यक्षिक सुरू झालं.

रांगडा_करवीर

हे सगळं गोग्गोड बोलणं मला काय पटत नाही राव. आमच्याकडं सरळ हाय, समोरासमोर शिव्या घालायच्या, मग संध्याकाळी त्याच माणसाबरोबर रस्सा वरपायचा. तुमच्या पुण्या-मुंबईकडं 'आपल्या मताचा आदर आहे' म्हणायचं आणि घरी जाऊन सहकार निबंधकाकडं तक्रार टाकायची. त्यापरीस शिवी बरी. निदान माणूस कुठं उभाय ते कळतंय.

अनघा_ठाणे

रांगडा, अर्धं पटलं. 'आपल्या मताचा आदर आहे, पण' या वाक्यानंतर आजवर कोणी आदर केलेला मी पाहिला नाही. पण तुमचं ते शिव्या-रस्सा मॉडेल फक्त पुरुषांत चालतं हो. मी सभेत आवाज चढवला की दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला विचारतात, वहिनींचं काही बिनसलंय का? मी कमिटीत होते तेव्हा पाण्याच्या टँकरचा हिशोब मागितला होता, फक्त बिलं दाखवा म्हटलं, तर 'किती भांडतात' असं नाव झालं. तेच बाजूच्या गृहस्थांनी टेबलावर हात आपटून मागितलं तर ते 'परखड'. त्यामुळे मला कोणी सभ्यपणे बोला म्हटलं की आधी विचारावंसं वाटतं, कोणासाठी?

रांगडा_करवीर

ते बरोबर हाय ताई. आमच्या आईचंबी गावात तसंच झालतं. काय बोलणार.

निळीशाई

अनघाताईंच्या पुढे जाऊन लिहितो. या विषयावर दर वेळी असं गृहीत धरलं जातं की दोन्ही बाजू एका पातळीवर आहेत आणि प्रश्न फक्त भाषेचा आहे. महाडला चवदार तळ्याचं पाणी १९२७ च्या मार्चमध्ये लोकांनी घेतलं, त्याआधी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर सगळं सभ्य, रीतसर. प्रत्यक्ष पाणी प्यायल्यावर लाठ्या खाव्या लागल्या. तेव्हाही 'जरा सबुरीने घ्या' सांगणारे सज्जन होतेच. जो तुम्हाला माणूसच मानत नाही त्याच्याशी घरोबा टिकवायची जबाबदारी तुमची नाही.

आता दुसरी बाजूही त्याच महाडची. बाबासाहेबांबरोबर तिथे सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, आणि डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्माने ब्राह्मण. त्यामुळे माणसं जोडली जात नाहीत असं मी म्हणत नाही. कशावर जोडली जातात ते बघा म्हणतोय.

खारेदाणे, तुमचं प्रकरण यात बसत नाही, तुमचं काकांशी भांडण फ्लॅटवरून आहे. तुम्ही जा बोलायला. मी फक्त धागा सरसकट 'सगळ्यांशी गोड राहा'कडे चालला होता म्हणून लिहिलं.

खारेदाणे

निळीशाई, छान लिहिलंत, यापुढे असं काही वाचनात आलं की आधी हाच प्रश्न विचारेन. सेक्रेटरीसाहेब, लेखी आक्षेपांचं आमच्या कमिटीसमोर मांडतो. अनघाताई, तुम्ही म्हणताय तसं सोफ्यावर जाऊन बसायची इच्छा आहे, पण दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं तिथेच गाडी अडलीये.

वकीलसाहेबांची_बायको

पहिलं वाक्य: 'काका, वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला टाकू का?' पुनर्विकासाचा प सुद्धा काढायचा नाही.

आमचे हे जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवतात. मला लग्नानंतर पहिली दोनतीन वर्षं कळायचंच नाही की कोर्टात ज्यांच्यावर इतके तुटून पडतात त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून घरी कसे येतात. विचारलं तर म्हणाले, भांडण अशिलाचं आहे, मी कशाला घरी आणू. वर कोर्टात समोरच्याला 'माझे विद्वान मित्र' म्हणायची पद्धत. कितीही चिडले तरी 'माझे विद्वान मित्र धादांत खोटं बोलत आहेत' एवढंच. मी हे घरी वापरून पाहिलं. 'माझ्या विद्वान सासूबाई' म्हटल्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही.

मिरचीचाठेचा

लिहा लिहा.

वकीलसाहेबांची_बायको

त्या हसल्या. मग म्हणाल्या, 'माझ्या विद्वान सूनबाईंनी आमटीत गूळ घालायचं काय ठरवलंय?' तो वाद अजून प्रलंबित आहे, तारखा पडतायत.

माटोळी

गोव्यातून लिहितोय. आमच्या घरातली गोष्ट सांगतो, आजोबांच्या वेळची.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फुलावर शिक्का, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांवर. आमच्या घरात सरळ उभी फूट पडली. आजोबा फुलाचे, पक्के मगोवाले (विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), मराठी शाळेत शिकवायचे. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ दोन पानांचा. एकाच घराच्या भिंतीवर पुढच्या बाजूला फूल रंगवलेलं आणि मागच्या बाजूला पानं. गावात दोघांच्या सभा वेगळ्या, एकमेकांच्या विरुद्ध भाषणं. निकाल लागला, दोन पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. आजोबांना ते फार लागलं, आठवडाभर धड जेवले नाहीत म्हणे.

पण आमच्याकडे चवथ मूळ घरात. गणपती एक, माटोळी (गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधतात ती चौकट) एक. माटोळीला रानातून फळं, कात्रे, कांगल्या आणायचं काम धाकट्याकडे आणि बांधायचं काम आजोबांकडे, वडिलांच्या वेळेपासून तसंच ठरलेलं. त्या वर्षीही धाकट्याने आणलं आणि आजोबांनी बांधलं. घरातले सांगतात की कामापुरतंच बोलले, 'सुंब दी', 'हय बांद', तेवढंच. पण बोलले. नंतर कोकणी-मराठी वाद पेटला, १९८७ ला राजभाषा कायदा आला, तेव्हाही दोघं विरुद्ध बाजूला. म्हातारे झाले होते तरी ओट्यावर बसून तावातावाने भांडायचे, मी लहानपणी ते ऐकलंय. आजोबा मराठीची बाजू मांडायचे, कोकणीतून!

सांगायचं कारण, त्या दोघांना काही 'संवाद कौशल्य' वगैरे नव्हतं. एकमेकांना नको नको ते बोलले असतील. पण दोघांशिवाय न होणारं एक काम घरात होतं आणि ते कोणी रद्द केलं नाही. खारेदाणे, वर्गणी एकट्याने फिरून गोळा करू नका. आणि तुमच्या पोरांनाही पाठवू नका. त्यांच्याशिवाय अडलंय असं राहू द्या.

सेक्रेटरी_आहे_मी

माटोळी, क्या बात है. हे मी आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये वापरणार. आमच्याकडे उलटं झालं, सगळं एजन्सीला दिलं, हाऊसकीपिंग, गणपतीची सजावट, प्रसादाचं कॅटरिंग. कोणाचं कोणावाचून अडतच नाही. त्यामुळे जे बोलत नव्हते ते अजूनही बोलत नाहीत.

न्यूजर्सीकर

आमच्या फॅमिली व्हॉट्सॅप ग्रुपवर निवडणुकीच्या वेळी दोन मामा आणि एक आत्तेभाऊ यांनी असा धुरळा उडवला की आजीने ग्रुप सोडला. मग मावसबहिणीने 'फक्त राजकारण' असा वेगळा ग्रुप काढला, तिघांना त्यात घातलं आणि सांगितलं आता हवं ते करा. तेव्हापासून त्या ग्रुपवर एकही मेसेज नाही. प्रेक्षक नसले की लोकांना वादात रसच नसतो असं माझं मत झालंय.

अनघा_ठाणे

हाहा, हे मी वर म्हटलं तेच झालं, सभेत आणि सोफ्यावर फरक असतो तो हाच.

रांगडा_करवीर

आजी परत आली का ग्रुपवर?

न्यूजर्सीकर

आली. आता रोज सकाळी सुप्रभात. तो वेगळा छळ आहे.

जोशीबुवा

एक प्रामाणिक शंका. निळीशाई आणि माटोळी दोघांचंही पटतंय, पण मग सीमारेषा कुठली? माझा एक शाळासोबती आहे, हल्ली त्याची काही मतं ऐकून अंगावर काटा येतो, एका विशिष्ट समाजाबद्दल फार वाईट बोलतो. मी विषय टाळतो. दर महिन्याला भेटतो, शाळेच्या गप्पा मारतो, इडली खातो, घरी येतो. हे मैत्री टिकवणं आहे की भित्रेपणा?

निळीशाई

जोशीबुवा, एकदा तरी त्याला सांगा की मला हे पटत नाही, माझ्यासमोर बोलू नकोस. इडली खाताखाताच सांगा. त्यानंतर तो काय करतो त्यावर ठरवा. न सांगता टाळत राहिलात तर त्याला वाटणार तुमची मूक संमती आहे. आणि शेजारच्या टेबलावर त्या समाजाचा कोणी बसला असेल त्यालाही तेच वाटणार.

जोशीबुवा

हं. पुढच्या महिन्यात बघतो.

दप्तरखाना

बघतो नाही, इथे येऊन सांगा. तोवर टिळकांवर तुमच्याशी वाद घालणार नाही, शब्द देतो.

खारेदाणे

अपडेट. वकीलसाहेबांच्या बायकोचं पहिलं वाक्य जसंच्या तसं वापरलं. काका म्हणाले, 'गेल्या वर्षीची अर्धी शिल्लक आहेत, कशाला छापायची?' आणि आतून पावतीपुस्तकं घेऊन आले. मग दोघं फिरलो, पहिला मजला ते चौथा. तिसऱ्या मजल्यावर त्यांना दम लागला, जिन्यात खाली बसले. माझ्या तोंडावर आलं होतं की लिफ्ट असती तर, पण गिळलं. तेच म्हणाले, 'बोल, बोल, लिफ्टचं बोल.'

मत तसूभर हललेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी एक फुलस्केप कागद दिला, दोन्ही बाजूंनी भरलेला, सहा आक्षेप. भाडं थकलं तर काय, बँक गॅरंटी कुठल्या बँकेची, ती कोणाच्या ताब्यात, काम अर्धवट सोडलं तर करारातून बाहेर पडायची तरतूद, ज्येष्ठांना स्टेशनजवळ भाड्याचं घर शोधून द्यायची जबाबदारी कोणाची. यातल्या तीन गोष्टी कमिटीने बिल्डरला विचारलेल्याच नाहीत. मी पुनर्विकासाच्याच बाजूला आहे, काका विरोधातच आहेत, पण त्या तीन प्रश्नांच्या पत्रावर आम्ही दोघांनी सही केलीये. त्यावरून आता आमच्याच गटातले दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

मिरचीचाठेचा

एक शेजारी जोडला, दोन गमावले. कार्पेट एरिया घटला.

सेक्रेटरी_आहे_मी

ते पत्र नुसतं हातात देऊ नका, पोचपावती घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला लावा. गॅरंटीचं उत्तर बिल्डरच्या लेटरहेडवरच मागा, तोंडी 'होऊन जाईल साहेब' चालवून घेऊ नका. आणि जे दोघं बोलत नाहीयेत त्यांना प्रसादाची जबाबदारी द्या.

वकीलसाहेबांची_बायको

कागद करारात उतरवायच्या आधी कोणा वकिलाला दाखवा हो. आमच्या ह्यांना विचारलं, ते म्हणतात काकांचे मुद्दे चांगले आहेत, काका कुठल्या ऑफिसात होते?

खारेदाणे

पोस्टात. आणि शब्दकोडं अजून तेच सोडवतायत.